कुत्र्याला दुसरं घर शोधताना

नमस्कार मंडळी. आज जरा अवघड विषय घेतलाय, घरातला लाडका कुत्रा दुसऱ्याकडे द्यायची वेळ येते तेव्हा काय करायचं. हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, सांभाळायचा नव्हता तर आणलात कशाला. मला हे काही पटत नाही. लॅब्रेडॉर दहा-बारा वर्षं जगतो, तेवढ्या काळात घराचं काय काय होतं, बाबा जातात, आईला वाडा सोडून मुलाच्या वन बीएचकेत यावं लागतं, कोणाची नोकरी जाते, कोणाचं डायलिसिस सुरू होतं. आणताना हे कुठे दिसत असतं हो?

पण आधी कारण खरंच तेवढं मोठं आहे का बघा. सोसायटीने नोटीस लावली म्हणून देत असाल तर थांबा, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या गाइडलाइन्सप्रमाणे जनरल बॉडीत बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. परदेशी निघालात? देश बघा. युरोपात न्यायचं तर मायक्रोचिप, रेबीजची लस, मग किमान 30 दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून 3 महिने थांबायचं, म्हणजे आधीपासून लागलात तर होतं, व्हिसा हातात आल्यावर धावाधाव करून नाही. ऑस्ट्रेलिया मात्र भारतातून थेट कुत्रा घेतच नाही.

आणि ते "गावाकडे शेतावर सोडला, मोकळा राहील मस्त" वगैरे कृपा करून नको. सोफ्यावर वाढलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री हद्दीत उभं करत नाहीत, खायचं कुठे शोधायचं हे त्याला माहीतच नसतं. असं वाऱ्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, फक्त पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपये, त्यामुळे कोण कशाला घाबरतंय!

आता घर शोधायचं कुठे. बहुतेकजण आधी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात. मी म्हणेन, आधी तुमचा कुत्रा कोणाला बघून नाचतो ते बघा. दूधवाले काका, खालच्या मजल्यावरच्या आजी, त्याला फिरवायला नेणारा कॉलेजचा मुलगा, चुलतभाऊ. मोठ्या वयाच्या कुत्र्याला ओळखीचा वास, ओळखीचा आवाज हेच निम्मं घर असतं. त्यांच्यापैकी कोणी घेतो म्हणालं आणि अडचण पैशांची असेल तर खाण्याचा, डॉक्टरचा खर्च आपण उचलावा, त्यात कसली लाज. कामवाल्या मावशींच्या गळ्यात मात्र मारू नका, त्यांना तुमच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही.

ओळखीत नाहीच जमलं तर मग जाहिरात. "लॅब, मेल, व्हेरी फ्रेंडली, फ्री" असं लिहिलं की तीस फोन येतात, त्यात ब्रीडिंगसाठी कुत्रा शोधणारेही असतात, म्हणून नसबंदी करूनच द्या. आणि खरं लिहा. फटाके वाजले की बाथरूममध्ये जाऊन बसतो, गोळी केळ्यात घालून दिली तरच खातो, मांजर दिसलं की दोरी हातातून सुटते, लहान मुलांनी ताटाला हात लावला तर गुरगुरतो. हे वाचून वीसजण गळतील, गळू देत. ते उद्या गळण्यापेक्षा आज गळलेले बरे ना?

घर बघायला स्वतः जा. बाल्कनीला जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, घरातल्या सगळ्यांना कुत्रा हवाय का, विशेषतः ज्या व्यक्तीला भरवावं लागणार तिला! एकदा कुत्र्यालाही नेऊन आणा. देताना लसीकरणाचं कार्ड, त्याची जुनी चादर न धुता, आणि आठवडाभराचं नेहमीचं खाणं बरोबर द्या, नवीन खाणं हळूहळू मिसळत न्यायचं, नाहीतर पोट बिघडतं आणि बिचाऱ्या नवीन माणसांना वाटतं हा आजारीच दिला.

पहिले काही दिवस तो जेवणार नाही, दारापाशी बसेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. रुळायला दोन-तीन महिनेही लागतात. तुम्ही लगेच भेटायला जाऊ नका, व्हिडिओ मागवा. आणि नाहीच जमलं तर बाहेर सोडायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, आधी आम्हाला फोन करायचा, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, अगदी सख्खी बहीण घेत असली तरी.