ग्वालिया: पत्र्याची घरे आणि साहेबांचा आरसा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्वालिया या सोन्याच्या खाणीच्या ओसाड गावाची दुरुस्ती करताना ती नेमकी कुठे थांबवली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ग्वालिया म्हणताच ज्यांना मुंबईचा गोवालिया टँक आठवला, त्यांना विनंती की त्यांनी कालगूर्ली या तिथल्या सोन्याच्या खाणींच्या शहराहून उत्तरेकडे सुमारे 230 किलोमीटर यावे; लिओनोरा गावाला लागूनच, लाल मातीच्या रखरखीत मुलखात, हे गाव आहे. येथे 1896 मध्ये सोने सापडले, आणि शोधकर्त्यांना भांडवल देणारा दुकानदार वेल्सचा असल्यामुळे खाणीला वेल्सचे जुने नाव मिळाले.

आता माझी तक्रार ऐका. या गावाविषयी कोणीही बोलू लागले की पहिले नाव हर्बर्ट हूव्हर यांचे येते. 1898 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी, ते या खाणीचे व्यवस्थापक झाले, काही महिन्यांतच चीनला निघून गेले आणि 1929 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले. एवढ्या अल्प मुक्कामावर केवढा डोलारा उभा राहिला आहे! कालगूर्लीच्या पॅलेस हॉटेलात एक भव्य, कोरीव चौकटीचा आरसा आहे. तो हूव्हर यांनी भेट दिला आणि तेथील एका बारमेडवर त्यांचे प्रेम होते, असे सांगतात. तिच्यासाठी रचलेली म्हणून एक कविताही त्यांच्या नावावर खपते. कविता कोणाचीही असो, पर्यटक आरशासमोर उभा राहतो आणि त्यात त्याला स्वतःच दिसतो, ही त्यातल्या त्यात प्रामाणिक गोष्ट. याच हूव्हर यांनी कामाचे तास वाढवले, रविवारच्या दुप्पट मजुरीला कात्री लावली आणि इटालियन कामगारांना पसंती दिली; त्या मजुरांच्या नावाचा आरसा मात्र कोणी दाखवत नाही. टेकडीवरचे व्यवस्थापकांचे घर आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते व तेथे पाहुण्यांना राहता येते. (हसू नका, राहण्याची सोय उत्तम आहे.)

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा घाईने मांडतो.

28 डिसेंबर 1963 रोजी खाण बंद झाली. सुमारे 26 लाख औंस सोने देऊन झाल्यावर हजाराहून अधिक वस्तीचे गाव अवघ्या तीन आठवड्यांत चाळीसेक माणसांवर आले. मजुरांची घरे पन्हळी पत्रा, लाकूड आणि गोणपाट यांची होती, कारण खाण किती वर्षे चालेल याचा भरवसा नसताना पक्के घर कोण बांधणार? मजुरांच्या गावाची साक्ष देतात ती हीच तात्पुरती घरे, आणि तेथील जतनकर्त्यांचे शहाणपण असे की त्यांनी या घरांना श्रीमंत केले नाही. गंजलेला पत्रा गंजलेलाच ठेवला, जेथे छप्पर कोसळण्याच्या बेतात होते तेथे आधार दिला, आणि ठेंगण्या, अंधाऱ्या खोल्या तशाच राहू दिल्या. सरकारने 1903 मध्ये बांधलेले विटांचे दुमजली स्टेट हॉटेल या पत्र्यांच्या शेजारी पाहिले म्हणजे त्या काळी पैसा कुठे मुरत होता हे कळते.

दुसरी बाजूही सांगतो. हूव्हर यांच्या आराखड्यानुसार उभारलेला लाकडी हेडफ्रेम, म्हणजे खनिज वर ओढण्याचा सांगाडा, पुढे उघड्या खाणीला, म्हणजे वरूनच खोदत नेलेल्या खड्ड्याला, वाट देण्यासाठी मूळ जागेवरून संग्रहालयाच्या आवारात हलवावा लागला. सांगाडा वाचला, पण ज्या तिरप्या विवरावर तो उभा होता ते त्याच्या पायाखाली उरले नाही. माझ्या मते ही अर्धीच दुरुस्ती. शिवाय ग्वालियाची खाण नव्याने सुरू झालेली आहे आणि जमिनीखाली आजही सोने काढले जाते, त्यामुळे ‘ओसाड गाव’ हे वर्णन फक्त घरांपुरते खरे आहे. चालू खाणीच्या काठावर जुनी घरे किती काळ तग धरतील, याबद्दल प्रश्न असतील तर ते अध्यक्षांच्या परवानगीने घेऊ.