जातिलुविह : आधी पाण्याची खाच, मग जमिनीचा भाव

दृश्य : वरून घेतलेली भातखाचरं, मागे बातुकारू डोंगर

बातुकारू. उंची २,२७६ मीटर. बाली बेटावरचा दुसऱ्या क्रमांकाचा डोंगर. त्याच्या दक्षिणेकडच्या उतारावर, साधारण ७०० मीटर उंचीवर जातिलुविह वसलंय. जिल्हा तबानान, तालुका पनबेल. समोर दिसतायत ती खाचरं तीनशे हेक्टरांच्या आसपास भरतात. २०१२ साली बालीचं सुबाक क्षेत्र, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटायच्या पद्धतीचा प्रदेश, जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्यात हा उतार आला. २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने उत्तम पर्यटन गावांत या गावाचं नाव घेतलं. तेव्हा इथे फोटो काढणारे येतात, तसे जागा बघणारेही येतात. जागा बघणाऱ्याने आधी पाट बघावा.

दृश्य : पाटात आडवा टाकलेला लाकडी ओंडका, त्यातल्या खाचा, अगदी जवळून

याला म्हणतात तंबुकू. पाटाच्या पूर्ण रुंदीत आडवा बसवलेला ओंडका, वरच्या अंगाला कोरलेल्या खाचा. जितकं क्षेत्र, तितकी रुंद खाच. वाट्याचं माप तेकतेक. दोन वाट्यांच्या खाचरांना दुप्पट रुंदीची खाच, एका वाट्याला एकेरी. पाणी मोजायला ना मीटर, ना घड्याळ. ओंडक्यावरून जे वाहतं ते वाहतानाच वाटलं जातं. वरून पाणी कमी आलं की सगळ्यांचंच त्याच प्रमाणात कमी होतं, म्हणून टंचाईतही हिशोब बिघडत नाही.

हे चालण्यासाठी मात्र सगळ्या खाचांचा तळ एका पातळीत हवा. ओंडका एका बाजूने बोटभर खचला, की त्या बाजूची खाच जास्त पाणी ओढते. ओंडक्याच्या वरच्या अंगाला पाट थोडा सरळ आणि संथ ठेवतात. वळणावरच तंबुकू बसवला तर पाण्याचा जोर बाहेरच्या काठाला जातो आणि आतल्या खाचेला कमी येतं. पानं, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात त्या अरुंद खाचेतच. म्हणजे नुकसान आधी लहान शेतकऱ्याचं. लाकूड कुजतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी आता सिमेंटचे तंबुकू दिसतात. ते टिकतात, पण बांधताना पातळी चुकली तर फोडल्याशिवाय दुरुस्त होत नाहीत.

दृश्य : बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडणारं पाणी, शेजारी दगडी देवस्थान

पाणी येतं वरच्या बंधाऱ्यातून. वाटेत टेकडी आली तर ती पोखरून काढलेल्या बोगद्यातून. बंधाऱ्याजवळ देवस्थान, पाटाच्या फाट्याजवळ देवस्थान, आणि प्रत्येक शेतात जिथे पाणी पहिल्यांदा शिरतं त्या वरच्या कोपऱ्यात बांबूचा छोटा देव्हारा. नैवेद्य तिथेच.

या पाण्यावर शेती करणाऱ्यांची संघटना म्हणजे सुबाक. अकराव्या शतकातल्या लेखांतही तिचा उल्लेख सापडतो. सुबाकची हद्द गावाप्रमाणे पडत नाही, पाण्याप्रमाणे पडते. एकाच पाटावरचे शेतकरी एका सुबाकचे. दोन पाटांवर शेत असेल तर माणूस दोन्हीकडे सभासद. प्रमुखाला पकासेह म्हणतात, त्याला सभासद निवडतात. नियमांना आविग-आविग : पाट साफ करायला कोणी कधी यायचं, गैरहजेरीला दंड किती, पाणी चोरलं तर काय. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम नद्यांवरची सामाईक पाण्याची फड पद्धत आणि तिथला पाणी सोडणारा पाटकरी ज्यांना माहीत आहे, त्यांना हे परकं वाटणार नाही. इथे देऊळही त्याच हिशोबात धरलेलं, एवढाच फरक.

दृश्य : कापणी, लाल भाताच्या लोंब्या, पेंड्या बांधणारे हात

हा भात लाल, उंच वाढणारा, पाच-सहा महिन्यांचा. साधारण जानेवारीत लावणी, जून-जुलैत कापणी. तळहातात मावणारं पातं बोटांत धरून लोंब्या देठासकट खुडायच्या. विळ्याने सपासप कापत नाहीत, कारण लोंब्या एकदम पिकत नाहीत आणि दाणा देठाला घट्ट असतो. देठासकट पेंड्या बांधून उन्हात वाळवतात आणि तशाच कणगीघरात रचतात. त्यानंतर कमी मुदतीचा पांढरा भात.

लावणीच्या तारखा सुबाक ठरवतं, आणि ते का, हे समजून घ्यायला हवं. सगळ्यांनी एकाच आठवड्यात खाचरं भरली तर पाणी पुरत नाही. प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावलं तर उतारावर कुठे ना कुठे हिरवा भात कायम उभा, आणि तुडतुड्यांना बारमाही खाणं. म्हणून एका टापूतली शेतं एकदम लावायची, एकदम रिकामी ठेवायची, आणि टापूंच्या पाळ्या पुढेमागे ठेवायच्या. १९७०च्या दशकात जास्त पिकं घेण्याच्या घाईत सरकारी कार्यक्रमाने बालीत ही पाळी मोडली. तुडतुडे वाढले, औषधं वाढली, तुडतुडे आणखी वाढले. १९८६मध्ये इंडोनेशियाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

दृश्य : खाचराच्या कडेला अर्धं बांधलेलं घर, भाडेपट्ट्याची पाटी

आता जमीन. बालीत भाव आरवर बोलतात. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या सातबाऱ्यावरचाच आर, जवळजवळ एक गुंठा. भाडेपट्ट्याचा भाव ‘दर आर, दर वर्ष’ असा सांगतात. तेव्हा ४ आर, २५ वर्षं म्हटलं की आकड्याला शंभराने गुणायचं. बऱ्याचदा ती सगळी रक्कम एकदम आधी द्यावी लागते.

१९६०च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळत नाही. स्थानिकाच्या नावावर बेनामी घेऊन ‘आतून’ करार करायचा मार्ग दलाल सुचवतात. तो करार कायद्याने मुळातच रद्द, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. उरतो भाडेपट्टा, देशात राहण्याचा परवाना असेल तर वापरहक्क, किंवा परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढून बांधकामहक्क. या दोन्ही हक्कांची मुदत ३० वर्षं, पुढे २० वाढीव, मग ३० नूतनीकरण. कंपनीला मात्र जमीन आणि इमारत वगळून १० अब्ज रुपिया (इंडोनेशियाचं चलन) याहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते. चार खोल्यांच्या होमस्टेसाठी हा डोईजड मामला आहे.

करारापूर्वी नोटरीकडून जमीन कार्यालयात मूळ प्रमाणपत्र पडताळून घ्या. वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या, गावी नसलेल्या भावाचीही. देवळाची किंवा गावठाणाची जमीन असेल तर तिथेच थांबा. मग झोन, म्हणजे ती जमीन कशासाठी राखलेली आहे ते. संरक्षित भातशेतीत बांधकाम परवाना मिळत नाही, शेजारच्याने बांधलंय हा पुरावा नव्हे. मुदतवाढीचा भाव कसा ठरेल ते आकड्यात लिहून घ्या, ‘त्या वेळच्या बाजारभावाने’ म्हणजे मालक म्हणेल तो. भाड्यावरचा १० टक्के कर कोण भरणार तेही लिहा. आणि प्लॉटमधून पाट जातोय का, तंबुकू कुठे आहे, खाली किती शेतं त्यावर आहेत, हे पकासेहला विचारा. दलाल हे सांगत नाही.

पाट वळवला किंवा बुजवला, की खालची खाचरं कोरडी पडतात आणि पुढच्या विक्रीला तीच निघतात.

दृश्य : गावातला रस्ता, दुकानासमोर लाल तांदळाची पाकिटं

राहायचं असेल तर बंजारची, म्हणजे वस्तीच्या मंडळाची, वर्गणी धरून चाला. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. या उंचीवर कपडे वाळत नाहीत, गाद्यांना बुरशी लागते, म्हणून भिंतींना वरून हवा जायला जागा ठेवा. न्येपीच्या, म्हणजे बालीतल्या नववर्षाच्या मौनाच्या दिवशी, बहुधा मार्चमध्ये, २४ तास दिवे बंद, रस्ते बंद, विमानतळही बंद. त्या दिवसाचं तिकीट काढू नका.

भारतीय पासपोर्टवर तिथे उतरल्यावर आगमन व्हिसा मिळतो : ३० दिवस, ५ लाख रुपिया, एकदा आणखी ३० दिवस वाढतो. त्यावर नोकरी करता येत नाही. बालीचा पर्यटक कर दीड लाख रुपिया वेगळा, तो ऑनलाइन भरता येतो. बालीची राजधानी देनपासार, तिथून गाडीने दोनेक तास लागतात. शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणाचा, स्कूटर पहिल्यांदा चालवायची जागा ही नव्हे. हिरवंगार बघायचं तर मार्च-एप्रिल, पिवळं बघायचं तर जून. रोख पैसे खालूनच घेऊन या. आखलेल्या पायवाटेवरूनच चाला : बांध पायाने फुटला तर पाणी खालच्या खाचरात उतरतं, आणि तो भरायला शेतकऱ्याची सकाळ जाते.