थेंबाआधी नमुना

[दृश्य: स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, डोळा. पहिले काही सेकंद निवेदन नाही.]

हा एका ऊसतोड कामगाराचा उजवा डोळा. बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या (कॉर्नियाच्या), मधोमध पिवळट-पांढरा डाग दिसतोय, तो जिवाणूंनी पाडलेला व्रण. खाली साचलेला पांढरा थर म्हणजे पू. उसाची पात लागली तेव्हा काकांनी गावातल्या मेडिकलमधून थेंब आणले. गुण येईना म्हणून दुसरे आणले. इथं पोचेपर्यंत पिशवीत चार बाटल्या झाल्या होत्या. त्यातली एक स्टेरॉइडची.

[दृश्य: टेबलावर मांडलेल्या बाटल्या. मग डॉक्टरांचा हात, ब्लेड.]

"काका, हनुवटी इथं टेकवा. समोर बघायचं, हलायचं नाही."

डोळा बधिर केलेला आहे. बुबुळाची जाडी मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि व्रणानं त्यातलीही काही खाल्लेली. डॉक्टर १५ नंबरच्या ब्लेडनं व्रणाची कड आणि तळ खरवडतात. हात किती हलका आहे बघा. पहिली खरवड काचपट्टीवर. पुढची रक्त घातलेल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या प्लेटवर, इंग्रजी 'सी'च्या आकारात ओढलेली. वाढ त्या रेघेवर आली तर जंतू डोळ्यातला. रेघ सोडून भलतीकडे उगवलं, तर बहुधा हवेतून पडलेलं.

ही पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. थेंब लिहून द्यायला एक मिनिट पुरतं. नमुन्याला ब्लेड लागतं, प्लेट लागते आणि ती प्लेट वाचणारं माणूस लागतं.

[दृश्य: प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शक, मग इन्क्युबेटरचं दार.]

ग्रॅम पद्धतीनं रंगवलेल्या काचपट्टीवर त्याच दिवशी पहिला अंदाज मिळतो. गुलाबी, बारीक काड्या. दुसऱ्या दिवशी प्लेटवर हिरवट झाक. स्यूडोमोनास एरुजिनोसा. झाकण उघडलं की द्राक्षांसारखा गोडसर वास येतो, तो काही कॅमेऱ्यात येत नाही. या जंतूची विकरं बुबुळातलं कोलॅजन विरघळवतात. एक-दोन दिवसांतही भोक पडू शकतं.

[दृश्य: औषधांच्या चकत्या ठेवलेली प्लेट, वरून.]

प्रत्येक चकतीत एक प्रतिजैविक. ज्या चकतीभोवती मोकळं कडं पडलं, ते औषध जंतूला रोखतं. आता ही प्लेट बघा. सिप्रोफ्लॉक्सासिनभोवती जंतू चकतीला चिकटून वाढलेत. सेफ्टाझिडिम, अमिकासिन, तेच. इमिपेनेमही गेलं. एक गोष्ट मात्र सांगायला हवी: या कड्यांची मापं रक्तात औषध किती पोचतं यावरून ठरवलेली आहेत. थेंबांनी बुबुळात त्याच्या कित्येक पट औषध पोचतं. त्यामुळे प्लेटवर नापास झालेलं औषध डोळ्यात कधीकधी चालून जातं. पण इतक्या बाजूंनी नापास झाल्यावर त्या आशेवर कुणी बसत नाही.

उरतं कोलिस्टिन. १९४०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं. मूत्रपिंडाला घातक म्हणून पुढे ते मागे पडलं आणि बाकीची औषधं हरू लागली तेव्हा पुन्हा कपाटातून बाहेर आलं. डोळ्यात थेंब टाकल्यावर रक्तात जाणारं प्रमाण इतकं थोडं असतं, की मूत्रपिंडाची धास्ती फारशी उरत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या डॉक्टरांनी ०.१९ टक्के कोलिस्टिनच्या थेंबांचा अनुभव २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यांच्याकडच्या बहुतेक रुग्णांचे व्रण भरले होते.

[दृश्य: लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या, स्वच्छ हवेच्या झोतात) हातमोजे घातलेले हात, सिरिंज, छोटी कुपी.]

या ताकदीची बाटली दुकानात मागून मिळत नाही, म्हणून ती अशी बनवावी लागते. इंजेक्शनच्या कुपीत ७५ मिलिग्रॅम पावडर. त्यात १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी. त्यातलं १ मिलिलिटर काढून आणखी ३ मिलिलिटर पाण्यात. मग बाटली, लेबल, तारीख आणि थेट फ्रीज. हे घरी करायचं काम नाही, हेही इथंच सांगून ठेवतो.

बुबुळात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून गोळ्या किंवा सलाइनपेक्षा थेंबांवर भर. सुरुवातीचे दोन दिवस दर तासाला, रात्रीसुद्धा.

[दृश्य: वॉर्ड, रात्र. नर्स टॉर्च घेऊन येते. निवेदन नाही.]

[दृश्य: फेब्रुवारी २०२३मधल्या बातम्यांची कात्रणं.]

त्या वर्षी अमेरिकेतली एक साथ बातम्यांत आली: कार्बापेनेम गटातल्या औषधांना (इमिपेनेम त्यातलंच) न जुमानणाऱ्या याच जंतूची. माग काढता काढता तपास चेन्नईजवळ बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांपर्यंत पोचला. १८ राज्यांत ८१ रुग्ण, चार मृत्यू. वेगवेगळ्या गावांतले हे रुग्ण एकाच साथीतले आहेत हे कळलं, ते नमुने प्रयोगशाळेत जाऊन त्यांचे जनुक वाचले गेले म्हणून. नुसते थेंब बदलत राहिले असते, तर कुठला पत्ता लागणार होता?

[दृश्य: पुन्हा स्लिट लॅम्प. तोच डोळा, फेरतपासणी.]

काकांचा व्रण भरला. बुबुळावर फूल राहिलं, त्या डोळ्यानं हाताची बोटं मोजता येतात. बुबुळ बदलायचं की नाही, ते पुढच्या तपासणीत ठरेल.