पालथा ग्लास, कूलरची धार आणि तव्यावरचं तेल

हा ग्लास मी काठोकाठ भरतो. वर पोस्टकार्ड ठेवतो, तळहाताने दाबून उलटा करतो आणि हात काढतो. पाणी पडत नाही. हा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिलेला आहे आणि ‘हवेचा दाब’ हे उत्तरही तुम्हाला पाठ आहे. उत्तर बरोबर आहे. हवेचा दाब सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो, इथे तर जेमतेम १० सेंटिमीटर पाणी आहे.

आता कार्ड अलगद काढून घेतो. पडलं सगळं.

का पडलं? कार्डाने काही वजन उचललेलं नव्हतं, ते स्वतःच हवेच्या दाबावर टिकलं होतं. तो दाब अजून तेवढाच आहे. पाणी तेवढंच आहे. हिशेबाने ते आत राहायला हवं होतं. मी हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय खरं तर एवढाच आहे: तोल असणं वेगळं आणि तो टिकणं वेगळं.

पाण्याची खालची बाजू अगदी सपाट राहिली असती तर हवेने ते पेललंच असतं. पण अगदी सपाट असं काही नसतं. कुठेतरी केसाहून बारीक फुगवटा असतो, शेजारी तेवढाच खळगा. फुगवट्यातलं पाणी आणखी खाली ओढलं जातं, खळग्यातून हवा वर शिरते, आणि फुगवटा जितका मोठा तितका तो वेगाने वाढतो. त्याला अडवणारं एकच बळ आहे, पृष्ठताण. पृष्ठभाग ताणलेल्या कातड्यासारखा वागतो आणि प्रत्येक सुरकुती सरळ करू पाहतो. सुरकुती जवळजवळची असेल तर पृष्ठताण जिंकतो, लांब-रुंद असेल तर गुरुत्वाकर्षण. पाण्यासाठी ही सीमा सुमारे १७ मिलिमीटर आहे. त्याहून आखूड लहरी विरतात, लांब वाढतात. सर्वांत वेगाने वाढते ती सुमारे ३ सेंटिमीटरची, आणि तिची उंची सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागात दुप्पट होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा फुगवटा घ्या. दहा वेळा दुप्पट झाला की तो सेंटिमीटरभर होतो, म्हणजे पावसेकंदाच्या आत खेळ संपला. कार्डाचं काम इतकंच होतं, पृष्ठभागाला सुरकुती पडू न देणं.

हे खरं असेल तर कार्डाशिवायही पाणी थांबवता आलं पाहिजे. हा मलमलीचा तुकडा ग्लासच्या तोंडावर ताणून बांधतो. पाणी भरतो, वर कार्ड, उलटा, कार्ड काढलं... थांबलं. ज्या छिद्रांतून पाणी आत गेलं, त्याच छिद्रांतून ते बाहेर येत नाही, कारण एवढ्याशा छिद्रात १७ मिलिमीटरची लहर मावत नाही. आता ग्लास थोडा तिरका करतो. एका बाजूने हवा शिरली, दुसरीकडून पाणी सुटलं.

जड द्रव वर, हलका खाली, अशा या अस्थिरतेला रॅले आणि टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञांची नावं आहेत. द्रवांच्या अशा अस्थिरतांवरचा भक्कम ग्रंथ १९६१ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी लिहिला. आपण त्यांना ताऱ्यांमुळे ओळखतो. ते सी. व्ही. रामन यांचे पुतणे, आणि रामन अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ याच नागपुरात होते. गांधीसागरापाशी त्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आहे, तिथून जाताना मला हे काका-पुतणे हमखास आठवतात.

आता कूलर. आपल्याकडे एप्रिल लागला की घरोघरी कूलरच्या टाक्या धुतल्या जातात. लहानपणी ते काम माझ्याकडे असे. टाकीचा नळ थोडासाच उघडला की बारीक धार पडे. वरचा भाग काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत, आणि वीतभर खाली तिचे थेंब. मला वाटायचं, हवा धार तोडते. तसं नाही. हवा काढून घेतली तरी धार तुटतेच.

कारण पुन्हा पृष्ठताण. गंमत अशी की ग्लासमध्ये जो सुरकुत्या सरळ करत होता, तोच इथे धार तोडतो. त्याला कमीत कमी पृष्ठभाग हवा असतो, आणि लांब धारेपेक्षा तेवढ्याच पाण्याच्या थेंबांचा पृष्ठभाग कमी भरतो. बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटो यांनी दाखवलं की द्रवाचा दंडगोल आपल्या परिघापेक्षा लांब झाला की तो टिकत नाही. पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात ऑलिव्ह तेल तरंगत ठेवून त्यांनी गुरुत्वाकर्षण जणू बाजूला काढलं होतं. १८७३ मध्ये त्यांनी हे सारं काम एकत्र छापलं, तोपर्यंत त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. प्रयोग ते सुचवत, घरची माणसं आणि सहकारी पाहून सांगत.

पुढे रॅले यांनी विचारलं, परिघापेक्षा लांब अशा कितीतरी लहरी आहेत, त्यांतली कुठली जिंकेल? सर्वांत वेगाने वाढणारी. ती व्यासाच्या सुमारे साडेचारपट लांब असते. धार २ मिलिमीटर जाड असेल तर दर ९ मिलिमीटरला एक थेंब, आणि त्याचा व्यास धारेच्या जवळजवळ दुप्पट. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा आणि मोजा. दोन मोठ्या थेंबांच्या मध्ये एखादा चिमुकला थेंबही दिसेल. तो रॅले यांच्या या हिशेबात बसत नाही, कारण तो हिशेब लहर इवलीशी असेतोवरचाच आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. सपाट तव्यावर तेलाचा पातळ थर घ्या, चिमूटभर बारीक हळद टाका आणि मंद आचेवर ठेवा. थोड्या वेळाने तेलात घरं पडलेली दिसतात. १९०० मध्ये आंरी बेनार यांनी वितळलेल्या देवमाशाच्या मेणाच्या पातळ थरात अशी नेटकी षट्कोनी घरं पाहिली, मधाच्या पोळ्यासारखी. मध्यातून गरम द्रव वर येतो आणि कडांशी खाली जातो.

१९१६ मध्ये रॅले यांनी कारण सांगितलं: खालचा गरम द्रव हलका होतो, वर यायला पाहतो, पण चिकटपणा त्याला अडवतो आणि उष्णता वाटेत पसरून जाते. तापमानातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच तो उठतो. गणित सुंदर आहे, जाड थरांना चोख लागू पडतं. पण बेनार यांच्या थराला ते लागू नव्हतं! इतक्या पातळ थरात त्या गणिताने प्रत्यक्षापेक्षा हजारो पट जास्त तापमानफरक हवा होता. शिवाय बेनार यांनी स्वतः मोजलं होतं की द्रव जिथे वर येतो तिथे पृष्ठभाग किंचित खोलगट असतो. हलका द्रव वर ढकलला जात असेल तर तिथे उंचवटा हवा ना?

सुमारे चाळीस वर्षं ही विसंगती समोर होती. १९५६ मध्ये ब्लॉक यांचे प्रयोग आणि १९५८ मध्ये पिअर्सन यांचं गणित आलं, तेव्हा उलगडलं की इथे काम करतो तो पृष्ठताणच. गरम जागी तो कमी असतो, थंड जागी जास्त. त्यामुळे वरचा पापुद्रा गरम मध्यापासून थंड कडांकडे ओढला जातो, आणि रिकाम्या होणाऱ्या जागी खालून नवा गरम द्रव येतो. म्हणजे द्रवाला खालून कोणी ढकलत नाही, वरून ओढलं जातं. खळगा त्यामुळेच पडतो. हे वाचल्यावर मी पुन्हा तवा घेतला. घराची रुंदी थराच्या जाडीच्या साधारण तिप्पट येते. तेल वाढवा, घरं मोठी होतात.

शेवटी हे काचेचे दोन तुकडे. एकावर टूथपेस्टचा ठिपका देतो, दुसरा वर दाबतो आणि सरळ वर उचलतो. ही फांद्याफांद्यांची झाडं पाहा. पातळ हवा घट्ट पेस्टमध्ये शिरताना सरळ रेषेत शिरत नाही, जी बोटं जरा पुढे गेली तीच पुढे पळतात. सॅफमन आणि टेलर यांनी १९५८ मध्ये हे समजावलं. तेलविहिरीत पाणी सोडून तेल पुढे रेटतात तेव्हाही पाणी अशीच बोटं काढून निसटतं आणि बरंच तेल मागे राहतं.

हे तुकडे रांगेतून फिरवतो. प्रत्येकाने दाबून, उचलून पाहा. आधी सावकाश, मग झटक्यात, आणि दोन्ही वेळा फांद्यांची जाडी पट्टीने मोजा.