कुठं अडतंय?

(बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकण निघतं.)

टाकाऊतून खेळणी करायची आहेत, तर या डब्यात काय काय आहे ते आधी बघून घ्या. शर्टाची सात बटणं, कोटाचं एक. खराट्याचे हीर, वीतभर लांबीचे. औषधाच्या बाटल्यांची झाकणं. शहाळ्याबरोबर आलेल्या दोन स्ट्रॉ. रिकाम्या काडेपेट्या. आणि पट्टा तुटलेली एक निळी स्लीपर. एकच. तिची जोडीदारीण गेल्या महिन्यात कामी आली.

घर साताऱ्यातलं. डब्याची मालकीण पाच वर्षांची आहे. डब्याचा नियम एकच: जे जमिनीवर पडलंय आणि संध्याकाळपर्यंत ज्याची कुणी चौकशी केली नाही, ते डब्यात. आजीला हा नियम मंजूर नाही. तिच्या चष्म्याची दोरी या नियमानं गेली आणि आठवड्यानं भिंगरीला ओवलेली सापडली.

(ओसरी. आबा मांडी घालून बसलेत. समोर नात.)

आबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आज दोघांना गाडी करायची आहे. कामाची वाटणी ठरलेली आहे. कटर आणि दाभण आबांच्या हातात. बाकी सगळं तिचं.

औषधाचं झाकण स्लीपरवर ठेवून तिनं पेनानं चार गोल काढले. आबांनी ते कापले, मधोमध भोकं पाडली. म्हणजे त्यांच्या मते मधोमध. मग तिनं भोकात हीर घातले, दोन्ही हीर काडेपेटीच्या पोटाला चिकटपट्टीनं घट्ट चिकटवले आणि गाडी फरशीवर ठेवून ढकलली.

गाडी सरकली. पण चाकं फिरली नाहीत.

“आबा, ही घसरतीय. चालत नाहीये.”

“कुठं अडतंय बघ.”

(आबांच्या हातांवर कॅमेरा.)

आता गाडीकडे नको, आबांच्या उजव्या हाताकडे बघा. तो पुढे येतो, थांबतो आणि मांडीखाली जातो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. ज्या माणसानं उभा जन्म बिघडलेल्या गाड्या दुरुस्त केल्या, त्याच्या समोर काडेपेटीची गाडी अडून बसलीय आणि तो हात लावत नाहीये. या अख्ख्या चित्रीकरणात सर्वात अवघड काम कुणी केलं असेल, तर या हातानं.

ती गाडी उलटी करते. बोटानं चाक फिरवून बघते. चाक हिराला घट्ट, हीर पेटीला घट्ट. सगळंच घट्ट. मग ती चाकाचं भोक पेन्सिलीनं मोठं करते. चाक फिरतं, पण दुसऱ्या ढकलीला निखळून खाटेखाली जातं. मग ती चिकटपट्टी काढते. हीर गळून पडतो. मग रुसते. पाणी पिऊन येते. हे सगळं आम्ही कापून दोन मिनिटांचं केलंय. प्रत्यक्षात अर्धा तास गेला.

उत्तर स्ट्रॉमध्ये होतं. स्ट्रॉचे दोन तुकडे पेटीला घट्ट. त्यांच्या आत हीर सैल. हिराच्या टोकांना चाकं पुन्हा घट्ट. कुठं घट्ट आणि कुठं सैल, एवढंच गाडीचं गणित. स्ट्रॉ तिच्या हातात आबांनी दिली की तिनं स्वतः उचलली, यावर घरात अजून वाद आहे. आमच्या चित्रणात त्या क्षणी नेमकी आजी मध्ये आली.

(गाडी फरशीवरून धावते, डावीकडे-उजवीकडे डुलत.)

गाडी डुलते, कारण भोकं मधोमध नाहीत. आबांना नवी चाकं कापायची होती. तिनं कापू दिली नाहीत. डुलते म्हणूनच ती एसटी आहे, असं तिचं म्हणणं.

(भिंगरीचा आवाज: घूंऽऽ घूंऽऽ)

ही भिंगरी. कोटाच्या बटणाच्या समोरासमोरच्या दोन भोकांतून दोरा ओवायचा, गाठ मारायची, दोन्ही टोकं बोटांत अडकवून पीळ भरायचा. ओढलं की पीळ सुटतो, बटण फिरतं, आणि फिरण्याच्या भरात थांबायचं विसरून उलटा पीळ भरून ठेवतं. पण त्यासाठी नेमक्या क्षणी दोरा सैल सोडावा लागतो. लहान मुलं ओढतात, सोडत नाहीत. भिंगरी शिकवायची म्हणजे सोडायला शिकवायचं, आणि ते बोलून शिकवता येत नाही. आबांच्या लहानपणी भिंगरी सोड्याच्या बाटलीच्या चपट्या केलेल्या बुचाची असे. तिच्या धारेनं कापल्याचा वण ते अजून कौतुकानं दाखवतात. आपण बटणच वापरू.

(काड्यांचा चौकोन आणि त्रिकोण.)

सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी आणि गूल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या. ही जोडी खेळण्यात आणली अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. 1978 मध्ये ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथून टाकाऊतली खेळणी त्यांच्या हाताला लागली ती कायमची. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांपुढे मांडली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

काड्यांची टोकं नळीच्या तुकड्यांत खोचून जोडायची. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. पत्र्याच्या शेडचं छप्पर पेलणाऱ्या कैचीत त्रिकोण का असतात, ते बोटांना आधी कळतं.

आणि त्याच्याही आधी, 1945 मध्ये, बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरी या बालशिक्षण पद्धतीची महागडी साधनं गावात परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं मुलांच्या हातात आली. समुद्र शेजारीच होता.

(डब्यावर पुन्हा कॅमेरा.)

एक गोष्ट या डब्यात मुद्दाम नाही. घड्याळातली किंवा रिमोटमधली चपटी, बटणासारखी बॅटरी. ती गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तशी शंकासुद्धा आली तरी थेट दवाखाना गाठायचा. आणि घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बटणं, चिंचोके, मणीही नकोत. त्या वयाला पातेलं आणि पळी पुरते. कानाला त्रास होतो, पण तो आपल्या.

(संध्याकाळ. सामान आवरणं चाललंय.)

निघताना कॅमेऱ्याच्या लेन्सचं झाकण सापडेना. पिशव्या उलट्या केल्या, खाट हलवली. शेवटी आजी म्हणाली, “दिवे लागले ना? मग डबा बघा.”

झाकण डब्यातच होतं. बरोबर मधोमध पेनानं ठिपका काढलेला. भोक पाडायला आबांची वाट बघत होतं.