तोडा, गार आणि केप : ठासणीच्या बंदुकीची प्रतिकृती खरी कशी व्हावी

मंडळी, बंदुकीच्या प्रतिकृतीबद्दल बोलायचं तर ते कोल्हापुरातच बोलायला हवं. शिवजयंतीच्या मिरवणुका इथल्या, मर्दानी खेळांचे आखाडे इथले, चित्रपटांसाठी हत्यारं घडवण्याची परंपरा इथली आणि वाटेल तो लोखंडी भाग करून देणारं उद्यमनगरही इथलंच. प्रतिकृती मागणारा आणि घडवणारा एकाच गावात भेटतो. तरीही मिरवणुकीतल्या मावळ्याच्या खांद्यावर जी बंदूक दिसते, ती बहुतेक वेळा त्याच्या काळानंतर शंभर-दोनशे वर्षांनी आलेली असते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तलवारीच्या बाबतीत आपण किती काटेकोर असतो! मुठीची वाटी केवढी, परज कशी, पातं सरळ की वक्र, यावर तासन्‌तास वाद घालतो. बंदूक आली की मात्र कुठलीही लांब नळी चालते. ‘ठासणीची आहे ना, मग झालं,’ असं म्हणतात. पण ठासणीची म्हणजे एवढंच, की दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजानं ठासायची. बार पेटतो कसा, हा खरा प्रश्न. पेटत्या तोड्यानं म्हणजे धुमसत्या दोरानं, गारेच्या ठिणगीनं की घोड्याच्या ठोक्यानं फुटणाऱ्या तांब्याच्या केपानं? केप एकोणिसाव्या शतकातला. स्कॉटिश धर्मोपदेशक फोर्साइथ यांनी स्फोटक क्षारानं बार पेटवण्याचं पेटंट १८०७ साली घेतलं आणि तांब्याचे केप त्यानंतर आले. तेव्हा शिवकाळाच्या देखाव्यातल्या बंदुकीला केपाचा घोडा दिसला, की पुढचं काही बघायची गरज उरत नाही.

मग तोड्याची बंदूक बघायची कुठे? न्यू पॅलेसच्या संग्रहालयात किंवा जुन्या शस्त्रांच्या कुठल्याही चांगल्या संग्रहात जा. काचेपुढे थोडं वाका आणि नजर उजव्या बाजूला, कान्यापाशी, म्हणजे नळीत आग नेणाऱ्या भोकापाशी, ठेवा. युरोपातल्या तोड्याच्या बंदुकीत लाकडी दस्त्याच्या बाहेर लोखंडी पाटी असते. तोडा धरणारा चिमटा त्या पाटीवर बसतो आणि सहसा पुढून मागे, म्हणजे बार उडवणाऱ्याच्या दिशेनं, खाली येतो. आपल्याकडची रचना वेगळी. इथं चिमटा दस्त्याच्या पोटात, एका उभ्या खाचेत लपलेला असतो. त्याचं तोंड तेवढं वर डोकावतं. चाप ओढला की ते तोंड मागून पुढे झुकतं आणि रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूच्या, वाटीत टेकतं. दस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या, खाली पानासारखा चपटा चाप, वाटीवर बाजूला सरकणारं झाकण आणि काना साफ करायला साखळीनं अडकवलेली सुई. नळी दस्त्याला चामड्याच्या पट्ट्यांनी किंवा तारेनं आवळलेली. दस्ता सडपातळ आणि बराचसा सरळ. इंटरनेटवरून युरोपातलं चित्र उतरवून जो कारागिराकडे जातो, त्याच्या हाती हे सगळं उलटं बनून येतं.

नळीकडेही तसंच बघा. अबुल फझलनं ‘आईन-इ-अकबरी’त नळी घडवण्याची रीत सांगितली आहे. लोखंड ठोकून चपटं करायचं, कागदाची सुरळी तिरपी गुंडाळावी तसं ते गुंडाळायचं आणि भट्टीत सांधत न्यायचं. एका वेळी सोळा नळ्या साफ करणारं, गाईनं फिरवायचं चाक अकबरानं केलं होतं, तेही त्यात आहे. अशा घडणीच्या नळ्यांवर जौहराची, म्हणजे घडीव धातूवर उमटणारी, लहर दिसते. आज तसं घडवा, असं मी म्हणणार नाही. देखाव्यासाठी आजचं लोखंड चालेल. पण बाजारातला सरळसोट पाइप जसाच्या तसा लावू नका. जुनी नळी कान्यापाशी जाड, पुढे बारीक होत जाणारी आणि तोंडाशी पुन्हा फुगलेली असते. हे लेथवर सहज निघतं. एवढं केलं तरी बंदुकीचा निम्मा चेहरा सुधारतो.

या बारकाव्यांनी काय फरक पडतो, असं कुणी विचारेल. फार पडतो. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला सुती दोर. तो सावकाश धुमसत राहतो. माणसाच्या एका हाती धुमसता निखारा आणि कमरेला दारू! म्हणून दोन बंदूकवाल्यांत अंतर ठेवावं लागतं. रात्री तोड्याचं टोक लांबून दिसतं, त्याचा वास येतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूखाना राहत्या घरापासून दूर ठेवण्याची ताकीद आहे, ती याच जगातली आहे. आणि पाऊस आला तर?

पन्हाळ्याचं उदाहरण घ्या. १६६० च्या जुलैत, ऐन आषाढात, महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून विशाळगडाकडे निघाले. तो पाऊस तुम्हाला-मला वेगळा सांगायला नको, पन्हाळा ते पावनखिंड दर पावसाळ्यात इथली मुलं चालतात. त्या धारांत तोडा धुमसता ठेवणं आणि वाटीतलं रंजक कोरडं राखणं किती अवघड, याचा विचार करा. वेढा घालून बसलेल्याची अडचण काय आणि खिंडीत तलवारीला, दगडाला एवढी किंमत का आली, हे त्यातून उलगडायला लागतं. देखाव्यातल्या मावळ्याच्या हाती केपाची बंदूक दिली, की पावसाचा हा सगळा भाग इतिहासातून पुसला जातो. केपाला पावसाची तेवढी पर्वा नसते.

अठराव्या शतकाचा देखावा असेल तर मात्र गार आणा, खुशाल आणा. १७६१ ला पानिपतावर इब्राहिमखान गारदीच्या कवायती पलटणी होत्या. पुढे महादजी शिंद्यांच्या दि बॉय या युरोपीय सेनानीनं पलटणी उभ्या केल्या, त्यांच्याकडेही चकमकीच्या, म्हणजे गारेच्या, बंदुका होत्या. पण तोड्याची बंदूक तेव्हाही गेली नव्हती. कवायती पलटणीबाहेर ती सर्रास होती. म्हणून त्या काळच्या देखाव्यात दोन्ही दिसायला हव्यात. सगळ्यांच्या हाती एकच नमुना दिला, की फौज खोटी वाटते.

आता १८५७. हा तर आपल्या गावचा विषय. ३१ जुलैच्या रात्री इथल्या २७ व्या पलटणीनं उठाव केला. पुढे डिसेंबरात शहर उठलं आणि छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब महाराज यांना कराचीला नेऊन ठेवलं. यावर देखावा करताना प्रत्येक शिपायाच्या हाती एनफिल्ड देण्याचा मोह होतो. काडतुसाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ना! पण १८५३ च्या नमुन्याची ती रायफल तेव्हा हिंदुस्थानात नुकती येऊ लागली होती. डमडम, अंबाला, सियालकोट इथं तिचं शिक्षण चालू होतं. बहुसंख्य शिपायांकडे अजून गुळगुळीत नळीची मस्केट होती. उठाव शमल्यावर इंग्रजांनी काय केलं, ते आणखी बोलकं आहे. हिंदी पलटणींसाठी एनफिल्डसारखीच दिसणारी बंदूक काढली, पण नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, काढून टाकले आणि नेम धरायची लांब पल्ल्याची दर्शिकाही बदलली. बाहेरून तीच बंदूक, आतून पल्ला आणि नेम दोन्ही काढून घेतलेले. त्या राज्याचा शिपायावर किती विश्वास होता, हे त्या नळीत टॉर्च टाकला की दिसतं. १८६० नंतरच्या हिंदी शिपायाच्या हाती आटे असलेली एनफिल्ड देणाऱ्या प्रतिकृतीनं हा अपमानच झाकून टाकला, असं मी म्हणेन.

परदेशात या कामात खूप लोक रमले आहेत. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीनं १९७० च्या दशकात एनफिल्डच्या प्रतिकृती केल्या, तेव्हा मूळ जुने गेज, म्हणजे माप तपासायची साधनं, समोर ठेवले. जुन्या एनफिल्डचे आटे कान्याकडे खोल आणि तोंडाकडे उथळ होत जातात, तेही त्यांनी उतरवलं. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने गावात आजही अशा बंदुका मोठ्या प्रमाणावर बनतात. त्या सुबक असतात, पण आटे सहसा एकाच खोलीचे आणि दस्ते अनेकदा मुळापेक्षा जाड. अमेरिकेत १९७० साली थॉम्पसन-सेंटरनं हॉकेन नावानं रायफल आणली. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंची मूळ रायफल लांब, जड आणि लोखंडी साजाची. हिची नळी आखूड, साज पितळी आणि घोड्याच्या आत गुंडाळीची स्प्रिंग. शिकारीला उत्तम, पण हॉकेन म्हणून दाखवायला चुकीची. आपल्या देशातूनही ब्राउन बेस या इंग्रजी फौजेच्या गारेच्या बंदुकीच्या प्रतिकृती परदेशी जातात. कान्याचं भोक न पाडता पाठवतात. त्यांच्यावर तिकडचे जाणकार दोन आक्षेप घेतात: अक्रोडाच्या जागी सागवानाचा दस्ता आणि बोजड घोडा. आक्षेप खरे आहेत आणि आपल्या कारागिरांना ते सहज दूर करता येतील. हात कमी नाही, समोर नमुना चांगला नाही, एवढंच.

उद्यमनगरातल्या मित्रांना माझी विनंती आहे. काम घेताना गिऱ्हाइकाला आधी साल विचारा, मग फौज विचारा आणि त्यानंतरच पेन्सिल उचला. फोटोवरून माप घेऊ नका. संग्रहालयाची परवानगी काढून मूळ वस्तूचं माप घ्या, वजन घ्या, तोल कुठे येतो तेही टिपा. चार-साडेचार किलोची बंदूक खांद्यावर घेऊन चालणारा मुलगा आणि प्लायवूडची घेऊन चालणारा मुलगा, दोघांची चाल वेगळी दिसते.

मिरवणुकीची बंदूक उडणारी करू नका. नळी आतून भरीव ठेवा, काना पाडू नका. ही तडजोड नव्हे. बार उडू शकणारी बंदूक बनवायला आणि बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, मग ती ठासणीची का असेना. डोंगरकपारीच्या गावांत पीकरक्षणासाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांना हे माहीत आहे. मंडळांनाही असायला हवं.

शेवटचा मुद्दा खुणेचा. हुबेहूबपणाच्या नादात काही जण प्रतिकृतीवरची आजच्या कारखान्याची खूण घासून काढतात. याला माझा ठाम विरोध आहे. वीस-तीस वर्षांनी ती बंदूक गंजते, हात बदलते आणि कुणीतरी ती ‘वाड्यात सापडलेली’ म्हणून विकतो. नळीच्या खालच्या अंगाला, दस्त्यात झाकल्या जाणाऱ्या बाजूवर, करणाऱ्याचं नाव, ‘कोल्हापूर’ आणि साल छिन्नीनं खोल कोरा. समोरून एक अक्षरही दिसणार नाही आणि पट्ट्या सोडवून नळी उचलली, की कुणालाही वाचता येईल.