पाचवीत आहे, पण वाचता येत नाही

(दृश्य: शाळेचा व्हरांडा. एका मुलीच्या हातात उताऱ्याचा कागद. कॅमेरा तिच्या बोटावर.)

ही मुलगी पाचवीत आहे. हातातला उतारा दुसरीच्या पातळीचा. बोट 'किराणा' या शब्दावर थांबलंय. ती पुटपुटते, "क ला पहिली वेलांटी कि... र ला काना रा... ण ला काना णा." शब्द जुळला. तो बरोबरही आहे. पण एवढं होईपर्यंत वाक्य कुठून सुरू झालं, कोण कुठे निघालं होतं, हे तिच्या हातून निसटलं. पुढच्या शब्दाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. 'असर' म्हणजे मुलांना किती वाचता येतं, गणित किती जमतं हे तपासणारी पाहणी. तिच्या २०२४ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीची ४८.८ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, हा आकडा ४२.८ होता. म्हणजे सुधारणा आहे, तरीही निम्म्याहून अधिक मुलांना अजून दुसरीचा मजकूर वाचता येत नाही.

(दृश्य: फळ्यावर एक शाब्दिक उदाहरण.)

मग तक्रार येते, "याला गणित जमत नाही." त्याच मुलाला त्रेसष्टातून अठ्ठावीस वजा करायला सांगा. करतो. अडतं ते 'टोपलीतले किती आंबे उरले' इथं, कारण 'उरले' या शब्दापर्यंत तो पोचलेलाच नसतो. परिसर अभ्यासाचं तेच, इतिहासाचं तेच. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं. त्यानंतर प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असतो, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी सगळेच विषय एकदम अवघड होतात. मुलाची बुद्धी कमी नसते. त्याला वाचायला शिकवायचं राहून गेलेलं असतं, आणि ते काम मोठ्यांचं होतं.

(दृश्य: फलटण. बाजारपेठ, वस्तीतली गल्ली.)

सातारा जिल्ह्यातल्या फलटणमध्ये या प्रश्नावर फार मुळातून काम झालंय. मॅक्सिन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या. भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणचे लोक मराठी कसं बोलतात, हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय. त्या इथंच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि शाळेत न टिकलेल्या दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या. मुलांच्या त्या मॅक्सिनमावशी. पुढं प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली.

त्यांच्या पद्धतीतली कळीची गोष्ट म्हणजे अक्षरांचा क्रम. 'क, ख, ग, घ, ङ' हा क्रम उच्चाराच्या शास्त्राप्रमाणे सुंदर लावलेला आहे. पण वाचायला शिकणाऱ्या मुलाला त्यातून लगेच काही वाचता येत नाही. सगळी मुळाक्षरं झाली, मग सगळी बाराखडी झाली, मग शब्द, असं म्हणत वर्ष सरतं आणि मुलाला वाचनाचा आनंद एकदाही मिळालेला नसतो. त्याऐवजी मोजकी अक्षरं आणि एखाददुसरं स्वरचिन्ह एकत्र घ्यायचं. याला वर्णसमूह म्हणतात. समजा क, म, ब, ल, न आणि सोबत फक्त काना घेतला, तर पहिल्या काही दिवसांतच मूल 'काका', 'मामा', 'नाक', 'काम', 'लाल' वाचतं. 'काका काम' वाचून ते मान वर करून बघतं. आपण वाचलेल्या खुणांना अर्थ आहे, हे त्याला त्या क्षणी कळलेलं असतं. हे लवकर कळणं फार मोलाचं आहे.

बोलीचाही प्रश्न आहे. पुस्तकात 'पाणी' छापलंय आणि मूल 'पानी' वाचतं. बरेच शिक्षक तिथंच अडवतात. खरं तर मुलानं शब्द ओळखला, अर्थ लावला आणि घरच्या उच्चारात म्हटला. प्रमाण उच्चार पुढं शिकता येईल. त्या क्षणी त्याला थांबवलं, तर ते पुन्हा तोंड उघडायला घाबरतं.

(दृश्य: वर्गात मुलांचे छोटे गोल.)

मूल आधीच चौथी-पाचवीत गेलं असेल, तर? मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेनं रुजवलेली रीत सोपी आहे. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचून घ्यायचं: अक्षरं येतात का, शब्द, परिच्छेद की गोष्ट. दिवसाचा थोडा वेळ इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे. अक्षरांच्या गटात पाचवीचा मुलगा तिसरीतल्या मुलीशेजारी बसेल. बसू दे. काही दिवसांनी पुन्हा वाचून घ्यायचं आणि पुढं सरकलेल्या मुलाला पुढच्या गटात न्यायचं.

(दृश्य: कुलूपबंद कपाट, काचेआड गोष्टीची पुस्तकं.)

हे कपाट मात्र बघवत नाही. पुस्तकं फाटतील म्हणून ती आत, आणि मुलं बाहेर. मुलांच्या हातात गेलेली पुस्तकं फाटणारच, आणि त्यासाठी चिकटपट्टी मिळते.

(दृश्य: घर. आई भाकरी थापतेय, शेजारी मुलगा पुस्तक घेऊन.)

घरच्यांना वाटतं, आपण शिकलेलो नाही, आपण काय करणार? ही आई शाळेत गेलेली नाही. ती रोज भाकरी होईपर्यंत मुलाला मोठ्यानं वाचायला लावते. मुलगा अडखळला तरी घाई करत नाही. गोष्ट संपली की विचारते, "मग त्या म्हातारीचं पुढं काय झालं रं?" मुलगा पान मागं उलटतो आणि उत्तर शोधायला तीच ओळ पुन्हा वाचतो, या वेळी वेलांट्या न मोजता.